मेदपेशी, तिचे पूर्वज आणि स्थूलतेची आनुवंशिकता

१९९४ सालच्या डिसेंबर महिन्यात स्थूलतेच्या अभ्यासास वळण देणारे दोन निबंध प्रसिद्ध झाले. महिन्याच्या पहिल्याच तारखेस ‘नेचर’ या नियतकालिकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन व त्यांचे सहकारी यांनी, ज्याच्या बिघाडामुळे उंदरांचा एक वंश लठ्ठ होतो तो जनुक हाती आल्याचे जाहीर केले. महिन्याच्या अखेरीस ‘सेल’ या नियतकालिकात बॉस्टन येथील ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेने असे दाखविले की, पीपीएआर-गॅमा-२ नावाचे एकच प्रथिन संयोजी ऊतकाच्या साध्या पेशीत निर्माण करविले असता, योग्य परिस्थितीत, ती पेशी मेदपेशी बनते. पहिल्या निबंधाची वार्ता वृत्तपत्रांत झळकली; दुसऱ्याची दखल बहुतांशी तज्ज्ञांपुरती राहिली. पहिला निबंध शरीर किती मेद बाळगते या प्रश्नाचा होता, दुसरा मेद बाळगणारी पेशी येते कोठून या प्रश्नाचा. हे दोन प्रश्न निराळे आहेत ही गोष्ट आज उघड वाटते. ती उघड होण्यास मात्र शतकाहून अधिक काळ लागला, आणि तेवढ्या काळात एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यास लावण्याची चूक वारंवार घडली.

स्थूलतेत बीजाचा भाग असतो ही कल्पना नवी नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात आठ प्रकारची शरीरे निंदित म्हणून सांगितली आहेत, त्यांत अतिस्थूल शरीर येते. अतिस्थौल्याच्या कारणांत अतिभोजन, जड व मधुर आहार, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप इत्यादींची गणना झाल्यावर अगदी शेवटी ‘बीजस्वभाव’ हे कारण आढळते. एवढ्या एका शब्दावरून प्राचीनांस आनुवंशिकी अवगत होती असे अनुमान काढणे पोरकटपणाचे होईल. लक्षात घ्यावयाचा तो त्या यादीतील क्रम. वर्तन आधी, बीज शेवटी, आणि भोवती निंदेचा स्वर, ही मांडणी केवळ भारतीय वैद्यकाचीच नव्हती. पाश्चात्त्य चिकित्सकही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आणि त्यानंतरही लठ्ठ रोग्याकडे प्रायः खादाड व आळशी मनुष्य म्हणूनच पाहत आले. मेद ही निष्क्रिय साठवण होय, तिच्यात जेवढे घालावे तेवढे राहते, असे एकदा मानले की साठवणीस दोष देता येत नाही. दोष घालणाऱ्याकडेच जातो.

वस्तुतः या कल्पनेस शरीररचनाशास्त्रातून फार पूर्वीच विरोध झाला होता. १८७० च्या सुमारास कार्ल टोल्ट याने मेद-ऊतक हे स्वतंत्र इंद्रिय असून त्याच्या पेशी विशिष्ट जातीच्या आहेत असे प्रतिपादन केले. वॉल्थर फ्लेमिंग याने त्यास हरकत घेतली. त्याच्या मते मेदपेशी म्हणजे कोणतीही संयोजी ऊतकपेशी, जिच्यात योगायोगाने चरबी भरली गेली. कोशिकाविभाजनाच्या अभ्यासामुळे फ्लेमिंगचा अधिकार मोठा होता, आणि त्याचे मत दीर्घकाळ प्रभावी राहिले. १९२६ मध्ये वासरमन याने असे निरीक्षण मांडले की, मेदाचे गोलक सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या जाळ्याभोवतीच्या आदिम पेशींतून उगवतात. या निरीक्षणाचे खरे मोल ८२ वर्षांनी कळावयाचे होते. मधल्या काळात रसायनशास्त्रज्ञांनीही निष्क्रियतेच्या कल्पनेस धक्का दिला. रुडॉल्फ शोनहायमर व डेव्हिड रिटनबर्ग यांनी १९३५ मध्ये जड हायड्रोजनाने खूण केलेली चरबी उंदरांस चारून, साठलेला मेद सतत मोडत व नव्याने घडत असतो हे सिद्ध केले. १९४८ मध्ये वेर्टहायमर व शापिरो यांनी मेद-ऊतकाच्या शरीरक्रियेचा विस्तृत आढावा घेऊन ते ऊतक क्रियाशील आहे असा स्पष्ट निर्वाळा दिला. तथापि क्रियाशील मेदपेशीची वंशावळ काय, हा टोल्टचा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

त्यानंतरच्या इतिहासाचे दोन प्रवाह होतात. पहिल्याचा उगम अमेरिकेच्या मेन राज्यातील बार हार्बर येथे आहे. क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९२९ मध्ये तेथे स्थापिलेली जॅक्सन प्रयोगशाळा १९४७ च्या ऑक्टोबरात वणव्यात सापडून जवळजवळ संपूर्ण जळाली, आणि उंदरांचे जोपासलेले शुद्ध वंश नष्ट झाले. परंतु ज्या ज्या प्रयोगशाळांना पूर्वी तेथून उंदीर गेले होते त्यांनी त्यांची संतती परत धाडली व वंश पुन्हा उभे राहिले. १९४९ च्या उन्हाळ्यात या नव्या वसाहतीत काही असाधारण गुबगुबीत पिले आढळली. ॲन इंगॉल्स, मार्गारेट डिकी व जॉर्ज स्नेल यांनी १९५० मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. हा दोष एकाच अप्रभावी जनुकाचा होता. दोन्ही जनकांकडून तो आला असता पिलू चार ते सहा आठवड्यांत ओळखू येई, तीन महिन्यांत सामान्याच्या सुमारे दुप्पट होई आणि पुढे तिपटीपर्यंत जाई. या जनुकास ‘ओबीस’ असे नाव पडले. अशा उंदरास सामान्य उंदराइतकेच मोजून अन्न दिले तरी त्याच्या शरीरातील मेदाचे प्रमाण अधिकच राहते, हे पुढे दिसून आले. उंदरास कोणी आळशी म्हणत नाही. म्हणूनच कदाचित मनुष्याच्या बाबतीत जे पाहणे कठीण होते ते उंदरात सहज पाहता आले.

या सुमारास केंब्रिज येथे जी. सी. केनेडी यांनी १९५३ मध्ये असा तर्क मांडला की, शरीरातील मेदसाठ्याच्या प्रमाणात रक्तात काही द्रव्य येत असावे व मेंदूतील अधोथॅलॅमस त्याचे मापन करीत असावा. अधोथॅलॅमसच्या विशिष्ट भागास इजा केली असता घूस लठ्ठ होते हे हेदरिंग्टन व रॅन्सन यांनी १९४० मध्येच दाखविले होते. जी. आर. हर्वी यांनी १९५९ मध्ये दोन घुशींची शरीरे शिवून जोडली, जेणेकरून रक्त थोडेथोडे एकमेकींत जाईल. आणि एकीच्याच अधोथॅलॅमसला इजा केली. ती लठ्ठ झाली, आणि जोडीदारीण अन्न टाकून रोडावली. लठ्ठ प्राण्याच्या रक्तात ‘पुरे’ असे सांगणारे काहीतरी होते. इजा झालेला मेंदू ते ऐकत नव्हता आणि शाबूत मेंदू ते अतिरेकाने ऐकत होता.

जॅक्सन प्रयोगशाळेतील डग्लस कोलमन यांनी हीच पद्धत जनुकांच्या अभ्यासास लावली. १९६६ मध्ये तेथे लठ्ठ व मधुमेही उंदरांचा दुसरा वंश वर्णिला गेला होता. त्याच्या जनुकास ‘डायबीटिस’ म्हणत. कोलमन यांनी असा मधुमेही उंदीर सामान्य उंदरास जोडला तेव्हा सामान्य उंदीर उपासमारीने मेला. ‘ओबीस’ उंदीर सामान्यास जोडला तेव्हा कोणीही मेले नाही. उलट ‘ओबीस’ उंदराचे खाणे कमी झाले. मग दोन्ही लठ्ठ वंश एकमेकांस जोडले. अन्नाची थाळी समोर असून ‘ओबीस’ उंदीर उपासाने मेला, मधुमेही उंदीर मात्र वाढतच राहिला. १९७३ पर्यंत कोलमन यांचा निष्कर्ष पक्का झाला होता. ‘ओबीस’ उंदरात तृप्तीचे द्रव्य निर्माण होत नाही. मधुमेही उंदरात ते विपुल असते, पण त्याचा ग्राही नसतो. द्रव्य पाहिले नाही, ग्राही पाहिला नाही, केवळ कोण उपाशी मरते एवढे पाहून काढलेले हे अनुमान जीवशास्त्रातील उत्तम तर्काचे उदाहरण होय. अनेक समकालीनांना ते पटले नाही. द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळविण्याचे प्रयत्नही निष्फळ ठरले.

फ्रीडमन यांनी द्रव्याचा नाद सोडून जनुकाचाच माग काढला. त्यांचे काम १९८६ च्या सुमारास सुरू झाले आणि आठ वर्षांनी फळास आले. जनुक उंदराच्या सहाव्या गुणसूत्रावर सापडला. तो मेदपेशीतच कार्य करतो, आणि त्यापासून बनणारे प्रथिन मेदपेशीच रक्तात सोडते. ग्रीक भाषेत कृश या अर्थाच्या ‘लेप्टॉस’ या शब्दावरून त्यास लेप्टिन हे नाव मिळाले. १९९५ च्या अखेरीस ग्राही सापडला, आणि मधुमेही उंदरात तोच सदोष असल्याचे ठरले. कोलमन यांचे अनुमान अक्षरशः खरे ठरले. १९९७ मध्ये इंग्लंडमधील एकाच कुटुंबातील, परस्परांच्या नात्यातील दोन बालकांत लेप्टिनचा जन्मजात अभाव आढळला; त्यांपैकी आठ वर्षांच्या बालकाचे वजन ८६ किलोग्रॅम होते. लेप्टिनची अंतःक्षेपणे दिल्यावर असे मूल पोटभर जेवून थांबते आणि वजन उतरते, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. खाण्याची ही अनावर ओढ शिस्तीच्या अभावाची नसून एका प्रथिनाच्या अभावाची होती.

परंतु अशी मुले जगात अत्यंत विरळ आहेत. सर्वसाधारण लठ्ठ माणसाच्या रक्तात लेप्टिन कमी नसून उलट अधिक असते, हे १९९६ मध्येच दिसून आले होते, आणि लेप्टिन देऊन लठ्ठपणा घालविण्याची आशा मावळली. या निराशेची कारणमीमांसा करताना मेंदूच्या ‘बहिरेपणा’वर पुष्कळ लिहिले गेले. निरोप धाडणाऱ्या पेशींची संख्या किती व ती कशी ठरते, इकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. ही उणीव दुसऱ्या प्रवाहाने भरून काढली.

दुसरा प्रवाहही रॉकफेलर संस्थेतूनच निघावा ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. तेथे ज्यूल्स हिर्श यांनी १९६० नंतरच्या दशकात मेदपेशी मोजण्याची रीत बसविली. मेद-ऊतकाचा लहानसा तुकडा ऑस्मियमच्या संयुगात घट्ट करून पेशी सुट्या करावयाच्या व यंत्राने मोजावयाच्या, अशी ती रीत. जेरोम निटल यांच्यासह त्यांनी १९६८ मध्ये दाखविले की, घुशीची पिले लहान वीण करून भरपूर दुधावर वाढविली तर प्रौढपणी त्यांच्या मेदपेशी संख्येने अधिक असतात. मोठ्या विणीत अर्धपोटी वाढलेल्यांच्या कमी. लठ्ठ माणसे कृश झाली तरी त्यांच्या पेशी आकाराने आकसतात, संख्येने घटत नाहीत, असेही आढळले. यातून एक सिद्धांत निघाला की, मेदपेशींची संख्या बालपणी कायमची ठरते. तो इतक्या झपाट्याने लोकप्रिय झाला की मातांना बाळास अधिक दूध पाजण्याचे भय वाटावे. सिद्धांताचा हा विस्तार पुराव्याबाहेरचा होता. १९७८ मध्ये हिर्श यांच्याच गटाने, स्निग्ध आहारावर ठेवलेल्या प्रौढ घुशीतही नव्या मेदपेशी उत्पन्न होतात असे प्रसिद्ध करून आपल्या पूर्वीच्या मतास मुरड घातली. स्वतःच्या गाजलेल्या सिद्धांताविरुद्धचा पुरावा स्वतःच पुढे आणण्याची ही वृत्ती दुर्मिळ आहे.

नव्या पेशी येतात, तर त्या कशापासून? येथे हॉवर्ड ग्रीन यांचे कार्य येते. ग्रीन व जॉर्ज टोडारो यांनी १९६३ मध्ये उंदराच्या गर्भापासून ‘३टी३’ नावाचा पेशीवंश सिद्ध केला होता. दर तीन दिवसांनी पेशी नव्या बशीत हलवावयाच्या आणि प्रत्येक वेळी तीन लक्ष घ्यावयाच्या, एवढाच त्या गूढ वाटणाऱ्या नावाचा अर्थ. कर्करोगाच्या अभ्यासासाठी त्या वापरल्या जात. बशी पेशींनी भरून वाढ थांबल्यावर काही पेशींत तेलाचे थेंब साठताना दिसत. दुसऱ्या एखाद्याने ती बशी बिघडली म्हणून फेकून दिली असती. ग्रीन यांनी थेंब साठविणाऱ्या पेशींपासून स्वतंत्र वंश वाढविले आणि १९७४ व १९७५ मध्ये असे दाखविले की, या पेशी मेदपेशी होण्यास आधीच वचनबद्ध असतात. विभाजन थांबताच त्या गोल होतात, चरबी घडविणारी विकरे निर्माण करतात व परत फिरत नाहीत. विशेष जातीच्या उंदरांच्या त्वचेखाली त्या टोचल्या असता तेथे मेदाची गादी तयार झाली. टोल्ट व फ्लेमिंग यांच्या वादाचा निकाल शंभर वर्षांनी बशीत लागला, आणि तो टोल्टच्या बाजूने लागला. स्पीगलमन हे ग्रीन यांच्याच प्रयोगशाळेत शिकलेले. १९९४ चा निबंध हा त्या परंपरेचा परिपाक होय. वचनबद्ध पूर्वपेशीत मेदपेशीचा संपूर्ण जनुकसंच जागा करणारी कळ म्हणजे पीपीएआर-गॅमा.

या शोधाबरोबर एक विरोधाभास पुढे आला. १९९५ मध्ये असे कळले की, मधुमेहावरील थायाझोलिडिनडायोन वर्गाची औषधे याच प्रथिनास चिकटून त्यास चेतवितात. म्हणजे ही औषधे मेदपेशी घडण्यास मदत करतात. रोग्याचे वजन वाढते, आणि रक्तातील साखर मात्र सुधारते. उलट पक्षी, १९९८ मध्ये मेद-ऊतक जवळजवळ नसलेला उंदीर जनुकीय युक्तीने निर्माण केला गेला, तो तीव्र मधुमेही निघाला. यकृतात चरबी साचून ते फुगले. साठविण्यास योग्य पेशी नसेल तर मेद नाहीसा होत नाही, तो भलत्या ठिकाणी जातो. स्थूलतेची हानी मेदाच्या राशीत आहे तशी ती साठवणाऱ्या पेशींच्या अपुरेपणातही आहे, हा विचार येथून पक्का झाला.

२००८ हे वर्ष या इतिहासात १९९४ इतकेच महत्त्वाचे आहे. स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेतील किर्स्टी स्पाल्डिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी मेदपेशींचे वय मोजले, आणि त्यासाठी घड्याळ वापरले ते अणुबाँबचे. १९५५ ते १९६३ या काळातील उघड्यावरील चाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले होते आणि १९६३ च्या करारानंतर ते उतरत गेले. पेशी जन्मते तेव्हा तिच्या डीएनएमध्ये त्या वर्षाचा कार्बन कायम राहतो. या मोजणीतून असे निघाले की, प्रौढ माणसाच्या मेदपेशींची एकूण संख्या स्थिर असते, पण दरवर्षी त्यांतील सुमारे दहावा हिस्सा मरतो व तितक्याच नव्या येतात. जठरावरील शस्त्रक्रियेनंतर वजन पुष्कळ उतरले तरी संख्या तीच राहते. हिर्श यांचा पहिला सिद्धांत मनुष्याच्या बाबतीत बव्हंशी खरा ठरला. पण स्थिरतेचा अर्थ पालटला. ही साचलेल्या तळ्याची स्थिरता नव्हे, वाहत्या नदीच्या पातळीची आहे.

नदीचा झराही त्याच वर्षी सापडला. टेक्सासमधील जोनाथन ग्राफ यांच्या गटाने दाखविले की, मेदपेशींचे पूर्वज मेद-ऊतकातील रक्तवाहिन्यांच्या भिंतीस लागून राहतात. वासरमनचे १९२६ चे निरीक्षण अशा रीतीने परत आले. मॅथ्यू रोडहेफर यांनी पृष्ठभागावरील प्रथिनांच्या खुणांवरून याच मूलपेशी वेगळ्या काढल्या व मेदहीन मधुमेही उंदरात टोचल्या. मेदाची गादी उगवली आणि मधुमेह मावळला. रोडहेफर त्या वेळी फ्रीडमन यांच्याच प्रयोगशाळेत काम करीत होते. निरोपाचा अभ्यास करणाऱ्या घरातच निरोप धाडणाऱ्या पेशीच्या पूर्वजाचा शोध लागावा, येथे दोन्ही प्रवाह एकत्र आले असे म्हणावयास हरकत नाही. पुढे येल विद्यापीठात रोडहेफर यांच्या गटाने २०१५ मध्ये असे दाखविले की, उंदरास स्निग्ध आहार सुरू करताच पहिल्याच आठवड्यात उदरातील मेदाच्या पूर्वपेशी विभाजू लागतात, आणि या विभाजनास एकेटी-२ नावाचे प्रथिन आवश्यक असते. गर्भावस्थेतील व बाल्यातील मेदवाढीस मात्र ते लागत नाही. वाढीचा मेद व स्थूलतेचा मेद यांची नियंत्रणे भिन्न आहेत, असा याचा अर्थ होतो.

मनुष्याच्या जनुकांकडे वळले असता जुने द्वंद्व नव्या वेषात भेटते. क्वेबेक येथील क्लोद बुशार यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बारा समरूप जुळ्या जोड्यांना शंभर दिवसांच्या काळात ८४ दिवस रोज हजार कॅलरी अधिक चारल्या. सर्वांचे जास्तीचे अन्न सारखेच; वजन मात्र कोणाचे ४ किलोग्रॅमने वाढले, कोणाचे १३ ने. जोडीतील दोघे भाऊ एकमेकांसारखेच वाढले, आणि मेद शरीराच्या कोणत्या भागी साठला यात तर त्यांचे साम्य अधिकच होते. किती आणि कोठे, दोन्ही गोष्टींवर बीजाची मुद्रा होती. २००७ मध्ये एफटीओ या जनुकातील भेद वजनाशी निगडित असल्याचे आढळले. दोन्ही प्रती धोक्याच्या असलेली प्रौढ व्यक्ती सरासरीने ३ किलोग्रॅम अधिक भरते. हा भेद करतो काय? २०१४ मध्ये एका गटाने दाखविले की, तो दूरच्या आयआरएक्स-३ या जनुकावर परिणाम करतो, आणि बोट मेंदूकडे दाखविले. २०१५ मध्ये मेलिना क्लाउस्निट्झर व सहकाऱ्यांनी तोच भेद मेदपूर्व पेशीत तपासला. त्यांच्या मते त्यामुळे आयआरएक्स-३ व आयआरएक्स-५ अवेळी जागे होतात आणि ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्चणारी पेशी घडण्याऐवजी ती साठविणारी पेशी घडते. एकच अक्षर, एका वाचनात मेंदूचे, दुसऱ्यात मेदपेशीच्या पूर्वजाचे. त्याच वर्षी लक्षावधी व्यक्तींच्या तपासणीतून निघालेले दोन मोठे निबंध या प्रश्नाची वाटणी करतात. एकूण वजनाशी संबंधित ९७ स्थाने मुख्यतः मज्जासंस्थेकडे निर्देश करतात; कंबर व नितंब यांच्या प्रमाणाशी, म्हणजे मेदाच्या वाटपाशी, संबंधित ४९ स्थाने मेदपेशींच्या घडणीकडे व रक्तवाहिन्यांच्या वाढीकडे. दोन प्रश्नांची फारकत येथे आकड्यांनी झाली.

या फारकतीचे महत्त्व भारतीयांइतके क्वचितच कोणास असेल. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्यानजीकच्या खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांशी करून २००३ मध्ये प्रसिद्ध केली. पुण्याकडील बालकाचे सरासरी वजन २.७ किलोग्रॅम, साउथॅम्प्टनच्या बालकाचे ३.५. दंडाचा व उदराचा घेर पुण्याकडील बालकांत फारच कमी, पण पाठीवरील त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने पुष्कळच टिकून राहिलेला. हे बालक कृश आहे आणि मेदयुक्तही आहे. वजनाच्या काट्यावर त्याची गणना केवळ अशक्तांत होते. पुढील वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचीच उदाहरणे छायाचित्रासह छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही तंतोतंत २२.३. शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, याज्ञिक यांचे २१.२ टक्के. छायाचित्रात दोघेही सारखेच सडपातळ दिसतात.